एकच चूल

रेल्वे रुळालगतच्या पत्र्याच्या वस्तीत पुनर्वसनाची मोजणी आली, तेव्हा दुर्गाबाईचे दोन्ही लेक कामावर गेले होते. कचरू आणि कल्याण तीन वर्षांपासून वेगळे राहत होते. छप्पर एकच, पण मधे आडवा पत्रा आणि दोन बाजूंना दोन चुली.

"मावशी, चुली किती?" मोजणीवाल्या बाईनं विचारलं.

परक्या माणसापुढं घरची लाज कशाला काढायची? दुर्गाबाई ताठ मानेनं म्हणाली, "एकच! आमच्यात फाटाफूट बिलकुल न्हाई." बाईनं तेवढंच लिहून घेतलं. दर चुलीमागे एक खोली मिळणार, हे तिनं सांगितलं नाही आणि दुर्गाबाईनंही विचारलं नाही.

उलट आपलं खोटं उघडं पडेल म्हणून म्हातारीनं कल्याणची चूल स्वतःच फोडली. मधला पत्रा काढला, दोन्ही सुनांच्या नाकदुऱ्या काढल्या. आठ महिने, कचरूच्या पोरासकट, घरातली सातही माणसं एका पंगतीत जेवली. कल्याणची धाकटी पोर आकांक्षा काकूच्या ताटातली भाकरी ओढायची, आणि दुर्गाबाईला भरून यायचं. खरंच सुखाचे दिवस होते ते.

मग यादी लागली. सात माणसांना एक खोली.

"मी थोरला, खोली माझी," कचरू म्हणाला.

"माय, एकच चूल हाय असं तू सांगितल्तं?" कल्याणनं विचारलं.

कल्याणनं हरकत घेतली. वेगळी चूल दिसली तर दुसरी खोली मिळेल, असं कचेरीत त्याला सांगण्यात आलं. साहेब दुपारी पाहणीला येणार, हे त्याच दिवशी सकाळी कळलं. दुर्गाबाईनं घाईघाईनं माती कालवली, त्यात भुसा घातला, आणि फोडलेल्या जागीच चूल घातली. वाळावी म्हणून आत काटक्या पेटवल्या. नुसता धूर झाला.

साहेबानं वाकून बोट टेकवलं. ते पेरभर आत गेलं.

"मावशी, ही तर आजची आहे."

"आधी व्हती, साहेब. म्याच मोडली."

"का मोडली?"

"लेकरं एका जागी जेवावी म्हनून."

साहेबानं बोट रुमालाला पुसलं आणि कागदावर लिहिलं, चूल एक.

त्याच आठवड्यात कल्याण बायकोला आणि आकांक्षाला घेऊन सासऱ्याकडे आष्टीला निघाला. तो सामान बांधत असताना दुर्गाबाई चुलीपाशीच बसून होती. "मंग परत कधी येशीन?" तिनं विचारलं. तो गाठोडं उचलून निघाला, वाकून पायाही पडला नाही. चूल तोवर खडखडीत वाळली होती.