समोर बसून शिकवलेल्या गाठी

अप्पांचा तेरावा झाला, त्याच आठवड्यातल्या शनिवारी सहा मुलं हुबळीतल्या केशवापूरच्या घरी आली. गणवेश घातलेला, गळ्यात स्कार्फ, बूट दाराबाहेर एका ओळीत काढून ठेवलेले. मी पुढच्या खोलीत आले तशी सगळी उभी राहिली आणि प्रत्येकानं डावा हात पुढे केला.

गोदूआत्या, अप्पांची थोरली बहीण, पाटावर बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अरे, डावा हात काय पुढे करता? घर आत्ता कुठे सुतकातून बाहेर पडलंय."

"आजी, स्काऊट डाव्यानंच हात मिळवतात," पुढं उभा असलेला मुलगा म्हणाला. त्याचं नाव स्वप्नील. "सरांनी शिकवलंय."

"सर गेले तुझे."

"म्हणून तर अक्कांकडं आलो."

आत्यानं परत सुपात मान घातली. मी सगळ्यांशी डाव्या हातानं हात मिळवले.

अप्पा म्हणजे माझे वडील, यशवंत निपाणकर. कोप्पीकर रोडला लागून असलेल्या गल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. शनिवारी दुपारी ते दुकान नोकरावर सोडत आणि जवळच्या मराठी शाळेच्या मैदानावर स्काऊटचं पथक चालवत. मला आठवतं तेव्हापासून हे असंच चालू होतं. दर वर्षी नवी मुलं येत, आधी प्रवेशाची परीक्षा देत, मग प्रथम सोपान हा पहिला टप्पा, मग पुढचं. या सहा जणांचा प्रवेश झाला होता. प्रथम सोपानाची तयारी अर्ध्यावर आली असताना डिसेंबरात अप्पा दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी धारवाडला होती.

मी लग्न होऊन धारवाडला मळमड्डीत राहत होते आणि तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होते. लहानपणी गाईड होते. मुलांना मी हो म्हटलं ते एवढ्यासाठीच की अप्पांचं एक काम अर्धं राहिलं होतं आणि ते पुरं करणं माझ्या हातात होतं. ही सहा मुलं पास झाली की शिट्टी आणि दोरांची पिशवी शाळेत नेऊन द्यायची, असं मी ठरवलं. दवाखान्यात मला काहीच पुरं करता आलं नव्हतं. हे तरी व्हावं, असं फार वाटत होतं.

पुढच्या शनिवारी मैदानावर गेले. कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर अप्पा बसत, तिथंच बसले. मुलं समोर अर्धगोल करून बसली. मी विचारलं, "गाठी कुठवर आल्यात?"

"रीफ गाठ अर्धी झालीय," स्वप्नील म्हणाला. "पहिला वेढा सरांनी शिकवला. दुसऱ्या वेढ्याच्या शनिवारी ते आले नाहीत."

रीफ गाठ म्हणजे दोन दोर जोडायची साधी, चपटी गाठ. प्रथमोपचाराची पट्टीही तिनंच बांधतात. दोन वेढे घ्यायचे, दुसरा पहिल्याच्या उलट. अप्पा शिकवताना बोलत नसत. "तोंडाकडं नको, हाताकडं बघा," एवढंच म्हणत आणि सावकाश बांधून दाखवत. मीही तसंच करायचं ठरवलं. मुलांनी त्यांचा पहिला वेढा घातला. मी माझ्या हातातल्या दोराचा दुसरा वेढा न बोलता, अगदी अप्पांसारखा सावकाश दाखवला. मुलांनी हुबेहूब केला.

मग दोन्ही बाजूंनी ओढून बघायला सांगितलं. गाठ घसरली. एकाची नाही, सगळ्यांची.

"परत," मी म्हटलं.

परत घसरली. मी माझी गाठ ओढून बघितली, ती पक्की होती. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. "दोर नवा आहे, म्हणून," एक जण मला वाचवायला म्हणाला.

"दोर सरांच्या वेळचाच आहे," स्वप्नील म्हणाला. "अक्का, तुमची गाठ बसते, आमची का बसत नाही? तुम्ही काही मंत्र म्हणता की काय मनात?"

सगळी हसली. मीही हसले आणि दोर परत सोडला. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. शेवटी मी त्यांना शिट्टीच्या खुणांचा सराव दिला आणि घरी पाठवलं.

घरी येऊन आत्यासमोर दोर टाकला. "अप्पांसारखंच करून दाखवते, तर मुलांचं चुकतं," मी म्हटलं.

"त्याच्यासारखं कसं करशील तू? येशा डावखुरा होता. तू उजवी."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण अप्पांचा डावा हात मी घरात क्वचितच पाहिला होता. जेवण उजव्यानं, लिहिणं उजव्यानं, गल्ल्यावर देणंघेणं उजव्यानं. व्यापाऱ्याच्या घरात डाव्या हातानं गिऱ्हाइकाला काही द्यायचं नसतं, लक्ष्मी डाव्या हाती येत नाही म्हणून. आत्या सांगत होती की लहानपणी अप्पा डाव्यानं गिऱ्हाइकाची भांडी तोलायचे, तेव्हा आजोबा त्यांच्या बोटांवर लाकडी पट्टी मारायचे. पुढंपुढं ते दुकानात बसले की डावा हात मांडीखाली दाबून ठेवत.

"शाळेत स्काऊटमध्ये गेला आणि एक दिवस पळत घरी आला," आत्या म्हणाली. "मला म्हणाला, अक्का, तिथं डावाच हात पुढं करायचा असतो. मोठे सरसुद्धा डाव्यानंच हात मिळवतात. मी म्हटलं, खोटं नको बोलू. तर मला ओढत मैदानावर घेऊन गेला दाखवायला." तिनं दोर माझ्याकडं सरकवला. "मग सोडलाच नाही त्यानं तो नाद. आमच्या अण्णांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, वाटायचं, धंद्याकडं लक्ष नाही पोराचं."

मी तो दोर उचलला. मग दोन पितळी तांबे, एक अप्पांच्या जागी आणि एक मुलांच्या, समोरासमोर ठेवून प्रत्येकाला दोराचं एकेक टोक बांधलं आणि विचार करायला लागले. अप्पा मुलांच्या समोर बसत. त्यांचा डावा हात मुलांच्या उजव्या हातासमोर येई. मुलं आरशात बघितल्यासारखी नक्कल करत आणि त्यांची गाठ आपोआप उजव्या हाताची होई. मी त्याच जागी बसले, पण माझा हात दुसरा. माझी आरशातली नक्कल उलटी पडली. पहिला वेढा अप्पांचा, दुसरा माझा, आणि दोन्ही एकाच दिशेचे झाले. म्हणून गाठ घसरत होती. मी त्यांच्यासारखं वागायला गेले, तिथंच चुकलं होतं.

पुढच्या शनिवारी मी कट्ट्यावर बसले नाही. खाली मातीत, मुलांच्या रांगेत बसले, दोन्ही बाजूंना तीन-तीन मुलं. "आज माझ्या शेजारून बघा," मी म्हटलं.

"अक्का, साडी मळेल," स्वप्नील म्हणाला.

"मळू दे. हाताकडं बघ."

गाठी बसल्या. ओढल्या तरी हलेनात. मुलांनी एकमेकांचे पाय बांधून खात्री करून घेतली. फक्त सुरजची गाठ परत घसरली. सुरज अळणावरजवळच्या एका खेड्यातला, शिकायला हुबळीत मामाकडं राहणारा. तो कमी बोलायचा. तो दोर धरत होता त्याकडं मी बघत राहिले. उजव्या हातात टोक घेई, मग ते पटकन डाव्यात जाई, मग तो माझ्याकडं बघून परत उजव्यात घेई.

मी उठले, त्याच्यासमोर जाऊन बसले, परत सावकाश गाठ बांधायला लागले आणि म्हटलं, "तुला जसं येतं तसं कर."

त्यानं आजूबाजूला बघितलं. डाव्या हातानं टोक धरलं, माझ्याकडं आरशात बघावं तसं बघितलं आणि गाठ बांधली. घट्ट बसली.

"सर कुठं बसायचे तुला शिकवताना?" मी विचारलं.

"शेजारी," सुरज म्हणाला. "बाकीच्यांच्या समोर. माझ्या शेजारी."

"मागच्या शनिवारी का सांगितलं नाहीस?"

"माझी बसली होती. सगळ्यांची घसरली म्हणून मीही सोडली," तो म्हणाला. स्वप्नीलनं पुढचं सांगितलं. "अक्का, सर डाव्यानं बांधायचे हे आम्हाला माहीत होतं. पण तुम्ही सरांच्या जागेवर बसलात ना, म्हणून आम्ही कुणीच काही बोललो नाही. तुम्हाला तिथं बरं वाटत असेल असं वाटलं."

शिट्टी फुंकायची म्हणून मी तोंड फिरवलं. माझ्यासाठी ही पोरं घसरणाऱ्या गाठी बांधत बसली होती, त्याचं मी आणखी काय करणार होते?

परीक्षेच्या दिवशी सगळे सकाळच्या बसनं धारवाडला आले. मी स्टँडवर होते. परीक्षक महादेव हंचिनाळ म्हणून निवृत्त शिक्षक होते, अप्पांना ओळखणारे. मला वाटलं, ओळखीनं काही सवलत देतील. पण ते कधी कानडीत बोलले, कधी मराठीत, आणि दोन्हींत तेवढेच कडक.

"कुंद्री, अक्का," मला बसायला सांगून ते म्हणाले, "तुम्ही आता बोलायचं नाही. खुणाही नको. यशवंतरावांना पण मी हेच सांगायचो."

"ते ऐकायचे?"

"नाही. खोकायचे."

मी खोकले नाही. मुलांनी खुंट्याला दोर बांधला, खोट्या जखमेवर पट्टी बांधली, हात झोळीत घातला. सुरजची पाळी आली तेव्हा हंचिनाळ सर त्याच्या हाताकडं बघत थांबले. तो डाव्यानं बांधत होता. त्याचे कान लाल झाले होते, पण टोक त्यानं हात बदलून घेतलं नाही. सरांनी गाठ दोन्हीकडून ओढली, बोट घालून बघितलं, आणि "हौदु, बरोबर आहे. पुढं," म्हणाले.

शेवटी शिट्टीच्या खुणा. सरांनी लांब, सावकाश शिट्ट्या द्यायला सुरुवात केली. त्याचा अर्थ लांब पांगा. पाच मुलं मैदानाच्या पाच दिशांना पळाली. स्वप्नील मात्र सगळ्यांच्या आधी सुसाट धावत येऊन हंचिनाळ सरांच्या पुढ्यात उभा राहिला आणि कडक सलाम ठोकला.

"एकटाच आलास?" सर म्हणाले.

स्वप्नीलनं मागं बघितलं. लांब कुंपणापाशी पाच जण पोट धरून हसत होते.

पाच पास झाले. स्वप्नीलला पुढच्या महिन्यात परत यायला सांगितलं. "शिट्टीची तयारी कोण करून घेणार याची?" सरांनी मला विचारलं. "शाळेत आता कोण आहे तुमच्या?"

मी तयारच होते सांगायला, की शाळा बघेल, माझं काम एवढंच होतं. सहा जण पास झाले असते तर तसं सांगितलंही असतं आणि पिशवी देऊन मोकळी झाले असते. मग अप्पांचं काम खरंच संपलं असतं. त्या क्षणापर्यंत मी त्याचीच वाट बघत होते. आता ते संपलं नव्हतं, आणि मला किती हलकं वाटत होतं ते कुणाला सांगता आलं नसतं.

"मी करून घेईन," मी म्हटलं.

"आणि जूनमध्ये नवी मुलं येतील, त्यांचं?"

"त्यांचंही बघू."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या शाळेच्या मुलांना हाक मारली.

हुबळीच्या बसमध्ये मी मुलांना बसवून दिलं. पाच जण नव्या बिल्ल्यांबद्दल बोलत होते. स्वप्नील खिडकीशी गप्प बसला होता. सुरज त्याला कोपरानं ढोसत होता. "सलाम मात्र झकास केलास."

"गप रे."

बसनं हॉर्न दिला तसा स्वप्नील खिडकीतून वाकला. "अक्का, चिडलात?"

"नाही."

"माझ्या एकट्यासाठी येणार तुम्ही शनिवारी? इतक्या लांबून?"

"तीनला मैदानावर ये," मी म्हटलं. "उशीर करू नकोस."

बस जुबिली सर्कलकडं वळून दिसेनाशी झाली. मी थोडा वेळ स्टँडवरच उभी राहिले. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच मला पुढच्या आठवड्यात काय करायचं आहे ते माहीत होतं. ते त्या पोरानं चुकीच्या दिशेला धावून मला दिलं, म्हणून त्याचे मनातल्या मनात आभार मानले आणि मळमड्डीला जायला रिक्षा बघायला लागले.