मुलुंडच्या तळघरातला मधला स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. मुलुंडच्या एका रो-हाऊसच्या तळघरात, मोठ्या पांढऱ्या पडद्याखाली माझा मुक्काम असतो. माझ्या लाकडी पेटीचे दोन ठिकाणी टवके उडाले आहेत आणि पुढची जाळी एका बाजूला चेपली आहे. आवाज मात्र शाबूत आहे.

माझा जन्म घाटकोपरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पहिली नऊ वर्षे मी एका शिकवणी वर्गात काढली. गणिताच्या सरांचा घसा बसलेला असला, तरी त्यांचा शब्द मी शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवत असे. पुढे तो वर्ग बंद पडला आणि मी सिद्धेशच्या दुकानात आलो. सिद्धेश लोकांच्या घरी पडदे, प्रोजेक्टर आणि स्पीकर बसवून देतो. त्याच्या दुकानात वरच्या फळीवर मी दोन वर्षे धूळ खात पडलो होतो. गिऱ्हाईक येई, माझ्याकडे बघे आणि चकचकीत नव्या स्पीकरकडे वळे. मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटे.

एके दिवशी कुंडलिककाका दुकानात आले. ते वीज खात्यातून निवृत्त झाले होते. आपल्या तळघरात त्यांनी नुकतीच फरशी बसवून घेतली होती आणि रंगही दिला होता. "खाली छोटं थिएटर करायचंय," ते म्हणाले. "आमच्या हिला ऐकू कमी येतं. वर टीव्ही मोठा केला की शेजारी तक्रार करतात. खाली कितीही मोठा आवाज करता येईल."

त्यांची पत्नी द्रौपदीकाकू. गोवंडीच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षे मराठी शिकवले होते. आता त्या फोन उचलत नसत. घरात चारजण बोलत बसले, की त्या हळूच उठून स्वयंपाकघरात जात. कानाचे मशीन नको म्हणत. "म्हातारी झाले असं कपाळावर लिहून फिरू का?" असे त्यांनी काकांना विचारले होते. त्यानंतर काकांनी तो विषय काढला नाही.

सिद्धेशने तळघरात जाड गालिचा अंथरला, छताला प्रोजेक्टर टांगला, दोन्ही बाजूंना उंच नवे स्पीकर उभे केले आणि कोपऱ्यात खर्जातला आवाज घुमवणारा एक भलामोठा वूफर ठेवला. खर्च थोडा वाचावा म्हणून मधली जागा मला मिळाली. पण मी दिसायला जुनाट. म्हणून मला पडद्याखालच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात सरकवले आणि माझ्यापुढे एक फुलदाणी ठेवली.

रविवारी दुपारी पहिला खेळ झाला. शेजारीपाजारी आले. वूफरने अशी काही धमधम केली, की सोफे हलले. "झकास झालंय हां काका," सगळे म्हणाले. माझे कोणी नाव घेतले नाही. फुलदाणीआडून मला फक्त द्रौपदीकाकू दिसत होत्या. सगळे हसले, की जरा थांबून त्याही हसत. मध्यंतराआधीच त्या उठल्या. "गुडघा दुखतोय," म्हणाल्या आणि वर गेल्या.

पाहुणे गेल्यावर काका त्यांना पुन्हा खाली घेऊन आले. "आवाज अजून वाढवू का गं?"

काकूंनी मानेनेच नको म्हटले. मग म्हणाल्या, "अहो, आवाज येतो. शब्द येत नाहीत. तुम्ही एवढा खर्च केलात, मला सांगायला जीभ रेटेना."

काका खाली मान घालून बसले. इतकी वर्षे ते फक्त मोठ्याने बोलत आले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिद्धेशला बोलावले. त्याने काकूंना सोफ्यावर बसवले आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसून ऐकले. "माझंच चुकलं, काकू," तो म्हणाला. "माणसांचं बोलणं या मधल्या स्पीकरमधून येतं. त्यालाच मी कोंडून ठेवलंय."

त्याने फुलदाणी काढली. मला फडक्याने पुसले, एका स्टुलावर, काकूंच्या कानाच्या उंचीला ठेवले आणि तोंड त्यांच्याकडे केले. वूफर जवळजवळ बंद केला. माझ्यासमोरच्या, सोफ्यामागच्या उघड्या भिंतीवरून आवाज घुमत होता, म्हणून काकूंनी वरून दोन गोधड्या आणल्या आणि तिथे टांगल्या.

"आता काहीतरी बोलण्याचं लावू," सिद्धेश म्हणाला.

काकूंची नात श्रुतिका नुकतीच शाळेतून आली होती. "माझ्या नाटकाचं रेकॉर्डिंग लावा ना," ती म्हणाली. शाळेतल्या त्या नाटकाला काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्याही वाजवल्या होत्या. कळले काहीच नव्हते.

पडद्यावर श्रुतिका प्रधानाच्या वेशात आली. ती म्हणाली, "महाराज, आपल्या विहिरीत पानी नाही, नुसते बेडूक आहेत. आणि तेही कर भरत नाहीत."

सगळ्यांच्या आधी द्रौपदीकाकू हसल्या. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि वळून म्हणाल्या, "श्रुतिका, पानी नाही. पाणी. ण म्हणताना जीभ वर वळव."

"आजी, तुला ऐकू आलं?" श्रुतिका म्हणाली.

"आलं. म्हणून तर चूक कळली."

काकांनी काकूंचा हात हातात घेतला.

त्याच आठवड्यात काकू आपणहून कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. आता त्या मशीन लावतात, फोनही उचलतात. रविवारी त्या माझ्यासमोर बसतात, तेव्हा मला माझ्या चेपलेल्या जाळीचा विसर पडतो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसा, ओल लागू देऊ नका, एवढीच माझ्यापुरती विनंती. दुसरी विनंती तुमच्या आजीआजोबांसाठी आहे. त्यांना ऐकू आले नाही, तर लांबून ओरडू नका. जवळ जा, त्यांच्या समोर बसा आणि सावकाश बोला.