हात ठेवला की

“ऐकलंस? बघ, हात ठेवला तरी चालूच.”

दादाने गिटारच्या तारांवर तळवा दाबून धरला होता. टेबलावरच्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून घूंऽऽ असा आवाज येत होता, खिडकीत अडकलेल्या गांधीलमाशीसारखा. बहिणीच्या खांद्यावरची लेक मान वर करकरून त्या माशीला शोधत होती.

“बाबांच्या हाताखाली गप बसायची,” दादा म्हणाला. “आठवतंय ना? नुसता हात ठेवायचे, की चिडीचूप. माझं मेली ऐकतच नाही.”

“आठवतंय,” ती म्हणाली. “या तारा कोणी घातल्या?”

“बाजारात एक जण आहे. म्हणाला, जाड घातल्या की आवाज भरदार येतो.”

“गिटारची मान वाकलीय त्याने. आणि बाकी?”

“बाकी काय, रडगाणंच आहे. बटण फिरवलं की खरखर. खालच्या टोकाला गेलं की सूर चढतो. मधल्या दोन तारा झणझणतात. ते सगळं बघच, पण आधी ही घूं घालव, बारके. रविवारी संध्याकाळी माझ्या कार्यक्रमाला बाबांचे सगळे ऑर्केस्ट्रावाले पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांच्यासमोर माझी शोभा नको.”

“ठेवून जा. रविवारी सकाळी ने.”

“जमेल ना तुला? नाही, म्हटलं, आता तू लेकुरवाळी. दूध, लंगोट…”

“जमेल.”

तिला नाही जमणार तर कोणाला जमणार होतं? बाबा दिवसा टायरच्या गोदामात असायचे आणि संध्याकाळी हॉटेलात वाजवायचे. संथ वाजवायचे. एक सूर लावला की थांबायचे, तारांवर तळवा ठेवायचे आणि मग दुसरा. त्या मधल्या शांततेत जेवणारी माणसं हातातला चमचा खाली ठेवत. लोक सुरांपेक्षा त्या थांबण्यासाठीच येत असावेत, असं तिला लहानपणी वाटायचं. सुट्टीच्या दिवशी गिटार स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली जाई. आधी आधी ती नुसती बॅटरी धरायची, मग स्क्रू सांभाळायला लागली, मग सोल्डरिंग गन तिच्याच हातात आली. दादा तेव्हा तिकडे फिरकायचा नाही. तारांनी बोटं कापतात म्हणायचा.

बाबा गेले तेव्हा ती दवाखान्यात होती. बाळंतपणाला अवकाश होता, पण उशीवर पाय ठेवून पडून राहायचं, उठायचं नाही, अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती. लेकीला घेऊन ती माहेरी गेली तेव्हा भिंतीवर नुसता खिळा उरला होता. खिळ्याखाली गिटारच्या आकाराचा रंग तेवढा उजळ राहिलेला.

“बाबांनी स्वतः माझ्या हातात दिली,” दादाने सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं. आणि तिला वर म्हणाला होता, “तू आता पोरीत रमशील. तुला कुठला वेळ?”

ती त्या दिवशी काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे सोडून दिलं, असं दादा समजला.

दुपारी लेक झोपली तशी तिने गिटार उघडली. घूंचं कारण सापडायला काही अक्कल लागली नाही. तारा ज्या पत्र्यावर टेकतात त्या ब्रिजखालून एक बारीक वायर आत जाते. वाजवणाऱ्याने तारांवर हात ठेवला की घूं बंद होते ती त्या वायरमुळे. बाजारातल्या शहाण्याने ब्रिज उचलून परत बसवताना वायर सुटीच ठेवली होती. आता हात बाबांचा असो, दादाचा असो नाहीतर शेजाऱ्याचा, गिटारला त्याचा पत्ताच लागणार नव्हता. एका टाक्याचं काम.

तिने सोल्डरिंग गन तापायला लावली आणि तेवढ्यात लेक उठली. गळा काढून रडायला लागली. तिने जागेवरूनच वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला. रडणं हुंदक्यावर आलं, हुंदका उसाशावर आला आणि लेक गप झाली.

हात तसाच ठेवून ती बराच वेळ बसून राहिली. मग दुसऱ्या हाताने तिने गनचं बटण बंद केलं.

माझं ऐकतच नाही, दादा म्हणाला होता. तिने ते वाक्य मनात चारदा घोळवून पाहिलं. दरवेळी ते जास्तच गोड लागलं.

वायर तिने दुमडून आतल्या पोकळीत सरकवून दिली आणि बाकीची गिटार दुरुस्त करायला घेतली. लेकीच्या दोन झोपांच्या मध्ये, कधी एका मांडीवर लेक आणि दुसऱ्या मांडीवर गिटार घेऊन, कधी नव्हे इतकं मन लावून. पातळ तारा चढवल्या. मानेतली सळई थोडी थोडी आवळत मान सरळ केली. बटणांच्या पोटातला गंज धुऊन काढला. ब्रिजवरचे स्क्रू फिरवून एकेक सूर जागेवर आणला. काही खोट राहिली असती, तर दादाने सगळा दोष त्या खोटीवर ढकलला असता. दोष ढकलायला त्याला जागाच ठेवायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

शेवटी तिने एक गोष्ट करून पाहिली. बटणांखाली पत्र्याची पट्टी होती, ती आतून अजून जोडलेलीच होती. तळवा तारांवर आणि करंगळी हळूच त्या पट्टीवर टेकवली, की घूं बंद. बघणाऱ्याला करंगळी कुठे गेली ते दिसतसुद्धा नव्हतं.

रविवारी दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालूनच आला.

“मामा आला बघ, मामा,” ती लेकीला म्हणाली आणि गिटार त्याच्या हातात दिली.

त्याने बाबांची एक संथ धून सुरू केली. “आई शप्पथ,” तो वाजवता वाजवताच म्हणाला. “लोणी झालंय गं.” मग धून थांबायच्या जागी आली. त्याने तारांवर तळवा ठेवला.

घूंऽऽ

“बारके, हे तसंच आहे.”

“सगळं तपासलं मी. कुठे काही नाही.”

“मग?”

“मला काय माहीत? दे बघू.”

तिने लेकीला त्याच्याकडे दिलं, गिटार घेतली आणि तारांवर तळवा ठेवला. घूं थांबली. इतकी शांतता झाली, की बाहेर कोणीतरी सायकलचं स्टँड लावल्याचं ऐकू आलं.

दादा बघत राहिला. “पुन्हा एकदा कर.”

तिने हात उचलला, ठेवला. उचलला, ठेवला.

“आता मी.” लेकीला खाली सोडून तो पुढे आला. त्याने तळवा पँटीला पुसला आणि आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा अलगद तारांवर ठेवला. तिने आपला हात काढून घेतला.

घूं चालूच राहिली.

“त्यांनी दिली नव्हती गं,” दादा खाली बघत म्हणाला. “मीच काढली खिळ्यावरून. मला वाटलं झोपलेत. पण जागे होते. बघत होते माझ्याकडे. काही बोलले नाहीत.”

हेच वाक्य तिला हवं होतं. किती दिवस, कुठल्या कुठल्या कामात, भांडी घासताना, लेकीला पाजताना, ती ते दादाच्या तोंडात घालून बघत आली होती. आता ते तिच्यासमोर होतं आणि आतली वायर तिने दुमडली होती तशीच होती.

“संध्याकाळी काय करशील?” तिने विचारलं.

“आणतो कोणाचीतरी मागून. ही ठेव तुझ्याकडेच.”

रिकामं कव्हर त्याने खांद्याला लावलं. लेक रांगत त्याच्या पायाशी गेली होती. नेहमीसारखा तिच्या डोक्यावरून हात फिरवायला तो वाकला. हात अर्ध्यात थांबला. तो त्याने मागे घेतला, खिशात घातला आणि जिना उतरून गेला.

तिने दार लावलं. गिटार टेबलावर घेतली, ब्रिज उचलला, वायर सरळ केली आणि एक टाका मारला. गरम सोल्डरचा वास खोलीभर पसरला. फोन सोल्डरच्या रिळाशेजारीच पडला होता. दादाला सांगायला संध्याकाळपर्यंत अजून अवकाश होता.

लेक टेबलाला धरून उभी राहायला बघत होती. तिने तिला उचलून मांडीवर घेतलं आणि ॲम्प्लिफायर लावला. घूंऽऽ आली. लेकीने मान वाकडी करून ऐकलं आणि लाळेने ओला झालेला पंजा तारांवर आपटला.

गिटार गप झाली.

लेक आईकडे बघून हसली. मग तिने हात उचलला, परत ठेवला. उचलला, परत ठेवला.