चंद्री रवंथ करत नाही

मंगळवारी सकाळी सव्वासहाला कालिंदीकाकूंच्या फोनवर भोंगा वाजला आणि संदेश आला : ‘चंद्री बारा तासांपासून रवंथ करत नाही. तातडीने पशुवैद्यकांना बोलवा.’ चंद्री त्या वेळी काकूंच्या कळंब्याच्या गोठ्यात नव्हतीच. ती मलकापुरात, नवे मालक जोतीराम यांच्या गोठ्यात, बहुधा निवांत रवंथ करत बसली होती.

तो संदेश मी पाठवला होता. मित्रांनो, मी म्हशीच्या गळ्यात बांधायचा पट्टा आहे. आता जुना झालो. माझा निळा रंग उडाला आहे आणि बक्कल घासून पांढरं पडलं आहे. पण माझ्या अंगावरची डबी शाबूत आहे आणि तिच्यावरचा हिरवा दिवा अजून लुकलुकतो. त्या सकाळी मी खुंटीला टांगलेला होतो. खुंटी रवंथ करत नाही. म्हणजे मी कळवलं ते खरंच होतं, फक्त नाव चुकलं होतं.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. मान हलली की मोजायचं, जबडा चालला की मोजायचं, आणि मोजलेलं फोनवर पाठवायचं, एवढं मला तिथं शिकवलं गेलं. जाताना काही ठरलेली वाक्यं बरोबर दिली. त्यांच्यापलीकडे एक शब्दही मला बोलता येत नाही.

कालिंदीकाकूंची मुलगी क्रांती कोल्हापुरात एका कचेरीत नोकरी करते. तिनं फोनवर चार वेळा बोट टेकवलं आणि तिसऱ्या दिवशी मी दारात हजर झालो. मी या घराच्या मालकीचा नव्हे. मी कंपनीचा, महिन्याच्या भाड्यानं आलेला. काकूंचे यजमान पिराजीकाका यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

“म्हशीला घड्याळ बांधताय व्हय? आता शाळंतबी घाला की तिला.”

“तुमच्यापेक्षा हुशार हाय ती,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी मला चंद्रीच्या गळ्यात बांधलं.

चंद्री म्हणजे कपाळावर पांढरा चांद असलेली, रुंद मानेची, हट्टी म्हैस. काकूंशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. तिच्या गळ्याची ऊब मला पहिल्याच दिवशी आवडली. रवंथ करताना तिचा जबडा एका लयीत फिरायचा आणि मी मोजत राहायचो. इतकं सुखाचं काम कुणाच्या वाट्याला येत असेल असं मला वाटत नाही.

माझं नाव झालं ते तिच्या मागच्या वेताच्या वेळी. एका पहाटे तिचं रवंथ थांबलं. ती उठत होती, बसत होती, पुन्हा उठत होती. मी भोंगा वाजवला. काकू धावत आल्या, काकांनी डॉक्टरांना आणलं. रेडकू आडवं आलं होतं. डॉक्टर वेळेत पोचले म्हणून दोघीही वाचल्या, आई आणि रेडी. त्या दिवाळीच्या पाडव्याला चंद्रीची शिंगं रंगवली, मोरपिसं लावली आणि तिला मिरवायला नेलं, तेव्हा काकूंनी मलाही कुंकवाचं बोट लावलं. मिरवणूक सुरू असताना मी कळवलं, ‘चंद्रीची हालचाल नेहमीपेक्षा चौपट आहे. काळजी घ्या.’ काका म्हणाले, “नाचालीया ती. तू बी नाच.”

यंदा काकूंच्या पाठीच्या मणक्याचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. काकांना चंद्री जवळ येऊ देत नव्हती. शेवटी तिला विकायचं ठरलं आणि मलकापूरचे जोतीराम बघायला आले. त्यांच्या गोठ्यातल्या सगळ्या म्हशींच्या गळ्यात माझेच भाऊबंद आहेत. चंद्री तेव्हा गाभण होती. काकूंनी एकच अट घातली.

“पावणं, मागच्या खेपंला रेडकू आडवं आल्तं. पट्ट्याबिगर तिला ठेवायची न्हाय.”

“काकी, जाताच नवा पट्टा बांधतो. काळजीच सोडा.”

चंद्री टेम्पोत चढली. काकूंनी माझं बक्कल सोडलं आणि मला खुंटीला अडकवलं. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

जोतीराम यांनी शब्द पाळला. नवा पट्टा बांधला. पण त्यांच्या फोननं नोंदणी नाकारली. चंद्रीच्या कानात पिवळा सरकारी बिल्ला आहे. त्यावरचा क्रमांक कंपनीकडे काकूंच्या खात्यावर आहे आणि एका क्रमांकावर दोन खाती चालत नाहीत. काकूंचं खातं बंद झाल्याशिवाय नवा पट्टा मुका. चंद्रीचे दिवस तर भरत आले होते.

क्रांती सुटीच्या दिवशी घरी आली आणि फोन घेऊन बसली. मला आणायला चार वेळा बोट टेकवावं लागलं होतं. घालवायला तिला आधी ‘मदत’, मग ‘इतर’, मग ‘आणखी इतर’ असं शोधत जावं लागलं. तिथं अगदी तळाला, फिक्या अक्षरांत, ‘सेवा बंद करा’ असं होतं. ते दाबल्यावर पडद्यावर एक म्हैस आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“ही का रडालीया?” काकूंनी विचारलं.

“आपण चाललो म्हणून.”

“हिला कुणी विकली?”

पुढं कारण विचारलं होतं. जनावर विकलं, जनावर दगावलं, सेवा आवडली नाही. क्रांतीनं ‘विकलं’ दाबलं. आधी सवलत आली, मग आणखी सवलत आली, मग नव्या मालकाचं जनावरासोबतचं चित्रीकरण मागितलं. जोतीराम यांनी तेही करून पाठवलं, चंद्रीच्या मानेवर हात टाकून, नवी टोपी घालून. उत्तर आलं, ‘पडताळणी सुरू आहे.’

क्रांतीनं कारणांची यादी पुन्हा उघडली. मग म्हणाली, “आई, ‘दगावलं’ दाबलं की लगेच बंद होतंय. कागद न्हाय, काय न्हाय.”

काकूंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

“जितीजागती म्हैस माझी. पोटात रेडकू हाय तिच्या. आन् मी तिला मेली म्हणून लिहू?”

“अगं, नुसतं बटण हाय ते.”

“तुझ्यासाठी आसंल.”

हा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

इकडे मी रोज सकाळी सव्वासहाला भोंगा वाजवत होतो. रोज काकूंच्या काळजात धस्स व्हायचं. चंद्री इथं नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी व्हायचं. एके दिवशी काका उठले, मला खुंटीवरून काढलं आणि दारातल्या शेळीच्या गळ्यात बांधलं. दोन वेढे द्यावे लागले. शेळीही रवंथ करते. भोंगा थांबला. संध्याकाळी मी कळवलं, ‘चंद्रीचं रवंथ उत्तम आहे. अभिनंदन.’ मला फरक कळत होता. छोटा जबडा, घाईची चाल, कुंपणावर चढायची खोड. पण शेळीसाठी मला वाक्यच दिलेलं नव्हतं.

पडताळणीचं उत्तर आलं : विनंती नामंजूर. काकूंनी मग कंपनीला फोन लावला. आधी यंत्र बोललं. मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी पाच दाबा. काका त्या यंत्राला म्हणाले, “अगं बाई, ऐक तर खरं.” मग गाणं सुरू झालं. काकूंनी फोन गव्हाणीच्या कठड्यावर ठेवला आणि शेंगा निवडायला घेतल्या. असं तीन-चार दिवस चाललं. शेळी त्या गाण्याला सरावली. अखेर एका दुपारी गाणं थांबलं आणि माणूस बोललं.

“नमस्कार, मी तेजस्वी. आपली काय मदत करू शकते?”

“बाई, म्हैस विकली मी. तिचा पट्टा बंद करा.”

“आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे, मॅडम. परंतु आमच्या नोंदीनुसार जनावर आपल्याच गोठ्यात आहे. काल त्याचं रवंथ उत्तम झालं आहे.”

“ते शेरडू हाय ओ!”



“मॅडम, पट्टा शेळीला बांधला आहे का?”

“मग काय करू? खुंटीला ठेवला की बोंबलतोय.”

“शेळ्यांसाठी आमची वेगळी योजना आहे, मॅडम. पहिला महिना–”

काकांनी फोनकडे तोंड केलं. “कोंबड्यांसाठी हाय काय वो?”

तेजस्वी हसली. हसू दाबायचा तिनं प्रयत्न केला, पण ते सुटलंच. मित्रांनो, मला ती त्या क्षणी फार जवळची वाटली. तिलाही माझ्यासारखीच ठरलेली वाक्यं देऊन बसवलं होतं आणि हे हसू काही त्यांतलं नव्हतं. ती पुढं बोलली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

“काकू, कितवं वेत हाय म्हशीचं?”

“तिसरं. तू कुठली गं?”

“शिरोळची. आमच्याकडं बी दोन हाईत. कास भरली का तिची?”

“भरालीया म्हणं. पावणं सांगत हुते. मागच्या खेपंला आडवं आल्तं गं, म्हणून जीव लागंना. त्यास्नी तिकडं पट्टा चालू करायचा हाय, पर तुम्ही इकडचा सोडत न्हाय.”

“शेळीचा पट्टा आधी काढा, काकू. मी स्वतः पाठपुरावा करते.”

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, “समदी असंच म्हणत्यात.”

मला पुन्हा खुंटीला लावलं. चार दिवस काहीच हललं नाही. शुक्रवारी जोतीराम यांचा फोन आला : चंद्रीचे सड ताठरलेत, शेपटीजवळ खड्डे पडलेत, आज-उद्यावर आलंय. काकूंनी पदर खोचला.

“त्यांचं हुईल तवा हुईल. पट्टा घेऊन मीच जाते. भोंगा माझ्या फोनवर वाजू दे, मी तिथंच असंन.”

“पाठ?” काकांनी विचारलं.

“पाठ बी येतीया माझ्याबरूबर.”

शनिवारी सकाळी मी कापडी पिशवीत, भाकरीच्या फडक्याशेजारी, मलकापूरच्या एसटीत बसलो. गाडी कोल्हापूर शहराबाहेर पडली आणि मला माझं काम करावं लागलं. ‘चंद्री गोठ्याच्या हद्दीबाहेर गेली आहे. चोरीची शक्यता.’ भोंगा अख्ख्या गाडीनं ऐकला. कंडक्टर मागं आला.

“मावशी, काय हाय पिशवीत?”

“म्हैस.”

“मग तिचं तिकीट?”

गाडी हसली. काकूही हसल्या. पण त्यांचा हात पिशवीवरून मला घट्ट धरून होता.

मलकापुरात चंद्रीनं काकूंना लांबूनच ओळखलं. तिनं मान ताणून असा हंबरडा फोडला की जोतीराम यांच्या हातातली पाण्याची बादली हिंदकळली. मला हुंगून मात्र ती फुसफुसली. मला शेळीचा वास येत होता. काकूंनी मला धुतलं, पुसलं आणि तिच्या गळ्यात बांधलं. तीच ऊब, तीच रुंद मान. मी मोजायला लागलो. खूप दिवसांनी नाव आणि जबडा एकाच जनावराचे होते.

संध्याकाळी पाच वाजता काकूंच्या फोनवर संदेश आला. या खेपेला तो माझा नव्हता. ‘आपली विनंती मंजूर झाली आहे. तेजस्वी यांच्या पाठपुराव्यानुसार आपली सेवा आज तातडीने, रात्री आठ वाजता बंद होईल. बिल्ला क्रमांक सोमवारी नव्या नोंदणीसाठी खुला होईल.’

म्हणजे आठनंतर सोमवारपर्यंत मीही मुका आणि नवा पट्टाही मुका. जोतीराम यांनी तो संदेश दोनदा वाचला. “पोरगीनं खरंच केलं की ओ, काकी.”

“केलं बाई पोरीनं,” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “गुणाची हाय.”

क्रांती तेव्हापासून कोल्हापुरातून कंपनीला फोन लावते आहे, बंद होणारी सेवा दोन दिवस चालू ठेवा म्हणून. नवीन ग्राहकांसाठी एक दाबलं तर माणूस लगेच बोलतो आणि नवा पट्टा आठवड्यात पाठवतो म्हणतो. पाच दाबलं तर गाणं लागतं. तेजस्वीची पाळी संपली आहे असं एकदा कुणीतरी सांगितलं.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू घरात आणणं सोपं करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आम्हाला निरोप देण्याची वाटही तेवढीच रुंद ठेवा आणि त्या वाटेवर एक माणूस बसवा, हसणारा. आणि तुम्हालाही एक सांगतो. माझा हिरवा दिवा आहे म्हणून जनावराजवळून उठू नका. दिवा दुसऱ्याच्या बोटानं विझतो. काकूंना हे माहीत आहे. पाठीला उशी लावून, एक हात चंद्रीच्या कुशीवर ठेवून त्या बसल्या आहेत.

आता सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत. चंद्री दोनदा उठली, दोनदा बसली. तिचा जबडा थांबला आहे. मी माझं जुनंच वाक्य पाठवलं, ‘चंद्री रवंथ करत नाही’, आणि भोंगा वाजला. काकूंनी फोनकडे पाहिलं नाही. त्यांनी आधीच जोतीराम यांना हाक मारली होती. डॉक्टर शेजारच्या गावाहून निघाले आहेत. क्रांतीच्या फोनवर गाणं सुरू आहे. माझा दिवा अजून हिरवा आहे.