आधी भाता, मग डरकाळी

ताटे वाढलेली होती आणि घरात कोणीच बोलत नव्हते. जैन घराला मौनव्रत नवे नसते. पण चांदनीचे हे मौन व्रताचे नव्हते, भीतीचे होते. शहाद्यातल्या त्यांच्या कापडदुकानाच्या माडीवर, ताग्यांच्या आडून मी ते ऐकत होते.

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. सागवानी अंगाची, पितळी पट्ट्यांची. चांदनीची आई, रूपकंवर, माझ्या साथीने स्तवने गात असे. पर्युषणाच्या पर्वात माझ्यावर रेशमी वस्त्र पडे. मग एका समारंभात आवाज मोठा निघावा म्हणून कोणीतरी माझा भाता दणादणा हाणला. माझ्या आतली पंचमाची पितळी सूरपट्टी तडकली, आणि मी ताग्यांमागे धूळ पांघरून बसले.

चांदनीचेही तसेच झाले. कॉलेजच्या संमेलनात तिला स्वतःचे गाणे म्हणायचे होते, शेवटी डरकाळीसारखा खरखरीत सूर लावून. सरावातच घसा आवळून तिने तो ओढला आणि आवाज बसला. डॉक्टरांनी मौन सांगितले. पुन्हा अशी इजा झाली तर गाणे कायमचे जाईल, असेही बजावले.

"रेडा बी येन्हापेक्षा बरा आरडस," वडील पन्नालाल म्हणाले. "परत जर आवाज बसना, ते गानं बंद. पेटी भंगारमा!"

डॉक्टरांनी गाण्याची परवानगी दिल्यावर रूपकंवरने गाणे शिकवणाऱ्या सरलाबाईंना बोलावले. त्यांनी आधी माझी पट्टी बदलून घेतली. मग चांदनीचा हात माझ्या भात्यावर ठेवला.

"दाब बरं, जोरमा."

"तुटेल ना, बाई!"

"मंग तुन्हा घसा काय लोखंडना शे?"

चांदनी हसली. कितीतरी दिवसांनी त्या हसण्याला आवाज होता.

मग शिकणे सुरू झाले. माझ्या पंचमावर स्वच्छ सूर धरायचा. श्वास संथ, मान सैल. त्या सुरावर, ओझे उचलताना सुटते तसे हलके कण्हणे अलगद ठेवायचे; तेच वाढत डरकाळी होणार होते. क्षणभरच. मग पाणी, मग विसावा. "घसामा टोचनं का थांबानं," सरलाबाई म्हणत. कधी चांदनी चिडे, पुन्हा जोर करू पाही. तेव्हा त्या माझा भाताच मिटून टाकत. मित्रांनो, पेटी असो वा गळा, त्याच्याकडून दांडगाईने काही मागू नका. जपलेल्या गळ्यात वादळही सुखाने राहते.

संमेलनात मी तिच्या शेजारी होते. शेवटची ओळ आली. खाली शुद्ध पंचम, आणि त्यावर सातपुड्यातल्या वणव्यासारखा तडतडता, रानटी, देखणा सूर! सभागृह उभे राहिले. माझ्या जुन्या लाकडातून ती गर्जना आरपार गेली. माझी एकही पट्टी कण्हली नाही.

टाळ्या ओसरल्यावर पन्नालाल रंगमंचापाशी आले. रेड्याची आठवण त्यांना आता नव्हती.

"चांदनी... घसा दुखी ऱ्हायना का? उद्या बोलशी ना, बेटा?"

तिने पाण्याचा घोट घेतला, माझ्या झाकणावर तळहात टेकवला आणि पायऱ्या उतरून चालू लागली. माझाच पंचम गुणगुणत, एकही चरा नसलेला.