कुकरातली बिस्किटं

या गोष्टीच्या शेवटी बाबांच्या हातून बसचं स्टिअरिंग जातं. छे, काहीतरीच! कोण म्हणालं? मी तर काही बोललोच नाही. नीट सुरुवातीपासून सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. कारखान्यात एका चकतीवर मशीनने असा दाब दिला की चकतीचं भांडं झालं. तेव्हापासून दाब सोसणं हा माझा स्वभावच. आई-बाबांच्या लग्नाच्या आहेरात मी या घरी आलो. भिंतीवरची घड्याळं ढीगभर आली होती, कुकर मी एकटाच. म्हणून मान मोठा.

बाबा बस चालवायचे. त्यांची शुगर आधीपासूनच काठावर. दरवर्षी तपासणी व्हायची. शुगर हाताबाहेर गेली की गाडीही गेली, असा नियम. म्हणून आई रोज माझ्यात मूग, नाहीतर चवळी घालायची, आणि वरच्या डब्यात बाजार उठताना स्वस्तात मिळालेली भाजी. मी शिट्ट्या मारायचो, बाबा पास व्हायचे. अभिनंदन त्यांचं व्हायचं. माझ्या वाट्याला घासणी.

मग मामा आला. आईचा हा धाकटा भाऊ पुड्यांचा एजंट होता.

"दाजी, अजून चवळीच? जग कुठे पोचलं!"

"जग पोचू दे. मला डेपोत वेळेवर पोचायचंय."

"ही बिस्किटं बघा. साखर औषधालासुद्धा नाही. वर हिरवं पान छापलंय!"

"महाग दिसतायत रे," आई म्हणाली.

"ताई, तब्येतीपुढे पैसा बघतेस?"

या वाक्यापुढे आजवर कुठल्याही बहिणीचं काही चाललेलं नाही. पुडे आले. पुड्यांना पैसे लागले, तशी भाजी आटली, मग चवळीही. दमट हवेत बिस्किटं मऊ पडायला लागली, तेव्हा आईला हवाबंद भांडं आठवलं. माझी रबरी रिंग अजून ठणठणीत होती, तिथेच घात झाला. माझ्या पोटात बिस्किटं राहायला आली.

"काय कडक राहतात हो यात!" शेजारीणसुद्धा कौतुक करून गेली. आयुष्यभर मी अन्न मऊ केलं, तेव्हा कोणी ब्र काढला नव्हता.

बाबा निर्धास्त खात होते. साखरच नाही म्हटल्यावर मोजायचं काय? पुढच्या तपासणीत शुगर आभाळाला टेकली. डॉक्टरांशी काय बोलणं झालं, ते त्यांनीच घरी सांगितलं.

"काय खाता?"

"बिस्किटं. बिनसाखरेची."

"किती?"

"बिनसाखरेची आहेत हो."

"मी किती विचारलं."

"पुडा."

"आठवड्याला?"

"चहाला."

डॉक्टर म्हणाले, "अहो, मैद्याचीही पोटात साखरच होते. पाटी बदलली म्हणून बस दुसऱ्या गावाला जाते का?"

हे सांगताना बाबा हसले. आई हसली नाही. तिने माझं झाकण काढलं, बिस्किटं कचऱ्यात ओतली आणि चवळी भिजत घातली. मामा म्हणाला, "पुड्याचा काय दोष? दाजींचं प्रमाण चुकलं." हल्ली तो तब्येतीची पावडर विकतो.

काही महिन्यांत शुगर उतरली. पण नियम असा की एकदा उतरलेला ड्रायव्हर पुन्हा चढत नाही. बाबा आता डेपोच्या फाटकावर बसतात. दुसऱ्यांच्या बससाठी फाटक उघडतात, लावतात. जेवताना त्यांचा हात मधूनच गिअर टाकतो. ताटाशेजारी गिअर नसतो.

मित्रांनो, पुड्यावर छापलेलं पान खाता येत नाही. बाजारातलं येतं, आणि स्वस्तही पडतं. घरचा कुकर चुलीवर असू द्या, फडताळात नको.

सबब, माननीय डेपो व्यवस्थापकांना विनंती की, रिक्त झालेल्या चालकपदी माझी नेमणूक करण्यात यावी. अर्जदाराची शुगर शून्य आहे. दाबाखाली काम करण्याचा दीर्घ अनुभव आहे. हॉर्नचा खर्च वाचेल. दृष्टीची अट तेवढी शिथिल करण्यात यावी, आणि रस्ता सांगण्यासाठी बाबांना शेजारच्या सीटवर बसू देण्यात यावे.