तेज हाय, ताप नाय

“नवल वाटलं की लांब उभं राहायचं नाही, नीला. जवळ जायचं.”

महाडला मास्तरकी केलेल्या वडिलांचं, रामजी गुरुजींचं, हे सांगणं नीलाला देवळाच्या पायरीवर आठवलं. पण जवळ जायला वाट कुठे होती? मंगळवार म्हणून आंबेनळी घाटाच्या पायथ्याची सगळी वाडी देवीपुढे लोटली होती.

“तेज हाय, ताप नाय!” पाटावर मांडी ठोकून कुशाबा भगत गर्जत होता. “कंदील भाजतो, बलप भाजतो, चूल भाजते. माझ्या आईचा डोळा भाजतो काय रे? लाव बोट!”

गर्दीतल्या सदूने भीत भीत बोट लावलं. देवीच्या शेंदरी मुखवट्यात डावा डोळा तांबडा लखलखत होता.

“गार हाय गो बाय!” सदूने तेच बोट कपाळाला टेकवलं.

“जिच्या डोळ्यात ताप नाय, ती लेकराच्या अंगात ताप ठेवील?”

“नाय!” गर्दी म्हणाली.

ताप म्हणजे उष्णता आणि ताप म्हणजे ज्वर. एका शब्दाच्या दोन अर्थांवर कुशाबाने दवाखाना थाटला होता. डोळा पेटला तर देवीचा कौल झाला, पोर घरीच बरं होणार.

आठ वर्षांच्या पांडूला दोन मंगळवार असाच कौल मिळाला. तिसऱ्या मंगळवारी डोळा पेटलाच नाही. कुशाबाने त्याच्या आईकडे, बयाबाईकडे, बोट केलं, “उपास मोडलास!” तान्हीला पाजायचं म्हणून तिने त्या दुपारी भाकरीचा कोर खाल्ला होता, हे खरं. पाचव्या दिवशी पांडू गेला. आज नऊ दिवस झाले, बयाबाई अन्नाला शिवली नव्हती. दूध आटलं होतं. तान्ही रडून रडून थकत होती.

नीलाची बहीण मंजुळा वाडीच्या शाळेत शिक्षिका. तिनेच पत्र घातलं होतं, “ताई, तू शाळेला दिलेला दिवा कपाटातून चोरीला गेला होता ना? तो देवीच्या डोळ्यात आहे.”

नीलाची बारा वर्षं मुंबईच्या प्रयोगशाळेत गेली होती. अर्धवाहक पदार्थांचे केसापेक्षा हजारो पटींनी पातळ थर एकावर एक चढवायचे, त्यांत विद्युतकण कोंडायचे आणि ते कोणत्या रंगाचा उजेड देतात ते पाहायचं. त्या थरांना तिथली मंडळी विहिरी म्हणत. आपल्या कामाचा ढोबळ नमुना म्हणून तिने बाजारातला एक बारीक तांबडा एलईडी दिवा शाळेला दिला होता. दिला, पण तो कसा पेटतो हे सांगायला ती थांबली नव्हती. प्रयोग खोळंबला होता, पोलादपूरची गाडी गाठायची होती.

“कुशाबादादा,” ती पुढे होत म्हणाली, “जरा पाटावरून उठून कौल घ्या.”

“कोण गो तू? मुंबईची? तिथं बाया पाट सोडून खुर्चीत बसतात, म्हणून देव दिसत नाय!”

लोक हसले. पांडूची आजी गोदूबाई हसली नाही. तिच्या हातात ओटीचं ताट होतं.

“ऊठ की रे. माझी आई काय तुझ्या बुडाखाली हाय?”

कुशाबा हलेना. गोदूबाईने ताट खाली ठेवलं आणि त्याच्या दंडाला धरलं. तो उठला, तसा डोळा विझला.

पाटाखाली दारावरच्या विजेच्या घंटेचं बटण निघालं. त्याच्या तारा देवीच्या लुगड्याआडून साबणाच्या डबीत गेल्या होत्या. डबीत बॅटरीचे दोन सेल. गोदूबाईने अंगठ्याने बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. डोळा उघडत होता, मिटत होता.

“मग त्या मंगळवारी का नाय पेटला?”

“सेल उतरले असणार, आजी. मग याने नवे घातले.”

“बयेच्या उपासानं?”

“नाही. वापरले की सेल उतरतात. कुणी जेवो, कुणी उपाशी राहो.”

कुशाबा खांबाला टेकला होता. “चार पोरं आपसूक बरी झाली गो. मलाबी खरंच वाटाय लागलं.”

सदू आपलं बोट धोतराला पुसत राहिला.

नीला म्हणाली, “हा दिवा माझा. कंदिलासारखी यात काही जळत नाही. आतले विद्युतकण वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उडी टाकतात. त्या उडीचा उजेड पडतो, म्हणून तो गार. देवीला हात जोडा, उपास करा. माझं काही म्हणणं नाही. पण लेकरू तापलं की कौल लावत बसू नका. एसटी धरा, महाडचा दवाखाना गाठा. तापाचं डॉक्टरला विचारायचं.”

गोदूबाईने बटण पाटावर ठेवलं.

“बयेला कोण सांगंल? माझं ती ऐकत नाय.”

“मी सांगते.”

“दिवा तुझा होता, हेबी सांगशील?”

“सांगीन.”

मंजुळाने घरून पेजेचं भांडं आणून तिच्या हातात दिलं. ते पदराखाली धरून नीला शेताच्या बांधाने बयाबाईच्या दाराकडे निघाली.